पालथा घडा आणि लाकडी चमचा

केंब्रिज विद्यापीठाच्या सेनेट हाउसमध्ये पदवीदानाचा समारंभ चालू असता, गणिताच्या 'ट्रायपॉस' परीक्षेत मानासह उत्तीर्ण झालेल्यांच्या यादीतील अगदी शेवटचा विद्यार्थी कुलगुरूंपुढे गुडघे टेकून आणि आपले जोडलेले हात त्यांच्या ओंजळीत देऊन बसला, की नेमक्या त्याच क्षणी वरच्या सज्जातून त्याच्या सोबत्यांनी दोरीला बांधून सोडलेला एक भला मोठा लाकडी चमचा डुलत डुलत त्याच्या मस्तकाशी उतरत असे, आणि त्या गंभीर वास्तूत हास्याचा कल्लोळ उठत असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून तरी ही रूढी चालत आल्याची नोंद आहे. आरंभीचा साधा चमचा वर्षागणिक वाढत गेला, आणि १९०९ साली सेंट जॉन्स महाविद्यालयाचा नौकापटू कथबर्ट लेंप्रिएर होल्टहाउस याला जो चमचा मिळाला, तो मीटरभराहून अधिक लांबीचा, वल्ह्याचा दांडा असलेला आणि ग्रीक भाषेतील वचन कोरलेला असा होता. तोच अखेरचा. कारण १९१० पासून निकालाची यादी गुणानुक्रमाऐवजी वर्णानुक्रमाने प्रसिद्ध होऊ लागली, आणि शेवटचा कोण हेच कळेनासे झाल्यावर चमचा द्यायचा कोणाला, असा पेच पडून ती रूढी आपोआप लयास गेली. खेळांच्या स्पर्धांत तळाशी राहणाऱ्या संघाला आजही 'वुडन स्पून' मिळाला असे म्हणतात, ते या चमच्यावरूनच.

या यादीचे वरचे टोक मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाचे आहे. दापोलीजवळच्या मुर्डी गावी जन्मलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली याच सेंट जॉन्स महाविद्यालयातून, जॉर्ज बर्टविसल यांच्या बरोबरीने, सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि तेव्हापासून 'रँग्लर' हा शब्द त्यांच्या नावाला असा जडला की पुढे फर्ग्युसनचे प्राचार्यपद आणि इतर अनेक अधिकारपदे येऊन गेली तरी महाराष्ट्राने त्यांना अखेरपर्यंत रँग्लर परांजपे याच नावाने ओळखले. एकाच कागदाच्या माथ्यावरच्या नावासाठी हत्तीवरून साखर वाटावी आणि पायथ्याच्या नावावर चमचा लोंबावा, असा तो प्रकार होता. तथापि यादी वृत्तपत्रांत छापली जाई. चमचा मात्र त्या दालनातच राही. हसणारे ज्याला हसत, त्याच्याच पंक्तीला ते त्या रात्री जेवायला बसत.

आपल्याकडेही अशा बंदिस्त उपहासाच्या रूढी आहेत. कोकणात शिमग्याच्या दिवसांत होळीभोवती वर्षभराच्या रागलोभाची बोंब ठोकली जाते, वाडीतल्या मातबर असामीचेही उणेदुणे त्या दिवशी काढता येते, आणि रंग धुतला गेला की तो विषय त्या वर्षापुरता मिटतो. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत 'फिशपाँड' नावाचा जो कार्यक्रम होतो, त्यात पेटीत पडलेल्या निनावी चिठ्ठ्यांवरची टोचणारी विशेषणे व्यासपीठावरून वाचली जातात, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते तो चारचौघांदेखत कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होतो. या रूढींकडे पाहताना आपण सामान्यतः त्यांच्या धिटाईचे कौतुक करतो किंवा त्यांच्या ग्राम्यतेला नाके मुरडतो. परंतु त्यांचे खरे मर्म मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. ज्याची थट्टा होते तो, थट्टा करणारे आणि ऐकणारे असे सारेच एका आवारातले असल्यामुळे, ती थट्टा कितपत खरी आहे याचा पुरावा प्रत्येकाच्या पदरी आधीपासूनच असतो. प्राध्यापक खरोखर आळशी आहेत की नाहीत हे वर्गाला ठाऊकच असते. सावकार वजनात मारतो की नाही हे वाडी जाणते. खोटी बोंब तिथल्या तिथे विरून जाते.

पण एखादी संस्था ग्राहकांच्या, करदात्यांच्या किंवा नागरिकांच्या वतीने एखाद्या सरकारी खात्याशी झगडत असेल, तर ते खाते काही तिच्या दालनात येऊन बसत नाही. अर्ज दप्तरी दाखल होतात, स्मरणपत्रांवर स्मरणपत्रे जातात, आणि दाद लागत नाही. मग कोणाला तरी उपहासाचा किताब देण्याची कल्पना सुचते, आणि त्यापाठोपाठ हा प्रश्न उभा राहतो, की तो किताब आपल्या वार्षिक सभेतच वाचून दाखवावा, की त्याचे प्रसिद्धिपत्रक काढून वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत धाडावे? आमच्या गावच्या नागरिक मंडळात हा प्रश्न दोनदा निघाला, आणि पहिल्या खेपेस मी त्याचे उत्तर चुकीचे दिले. म्हणून या विषयाचा जो पूर्वेतिहास मला वाचून समजला, तो येथे सांगावासा वाटतो.

अमेरिकेतील इंग्रजीच्या शिक्षकांची एक राष्ट्रव्यापी परिषद आहे. व्हिएतनामच्या युद्धाच्या काळात सरकारी निवेदनांची भाषा मुद्दामच दिशाभूल करणारी होत चालली आहे, या चिंतेतून तिने एक समिती नेमली, आणि १९७४ साली त्या समितीने 'डबलस्पीक', म्हणजे दुटप्पी भाषेचे, पहिले पारितोषिक जाहीर केले. ते कंबोडियातील अमेरिकी वकिलातीतल्या कर्नल ऑप्फर या हवाई अधिकाऱ्याला मिळाले. तुम्ही सारखे 'बॉम्बफेक, बॉम्बफेक' लिहिता, ती बॉम्बफेक नसून 'हवाई साहाय्य' आहे, अशी त्याने वार्ताहरांकडे तक्रार केली होती. येथे प्रसिद्धीविषयी संकोच बाळगण्याचे कारणच नव्हते, कारण अपराध घडला होता तोच मुळी वार्ताहरांच्या समक्ष. शिवाय त्या शिक्षकांनी पुढच्याच वर्षापासून प्रामाणिक व स्वच्छ लेखनासाठी ऑर्वेलच्या नावे दुसरे, खरेखुरे पारितोषिकही सुरू केले, ही गोष्ट मला त्यांच्या मनाच्या समतोलाची द्योतक वाटते.

खरी कसोटी लागली ती पुढच्या वर्षी, आणि ती एका व्यक्तीने सुरू केलेल्या पारितोषिकामुळे. विस्कॉन्सिन राज्यातून विल्यम प्रॉक्समायर १९५७ साली सिनेटवर निवडून आले, ते जोसेफ मॅकार्थी यांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर. हा योगायोग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. कारण सभागृहातील भाषणाला मिळणाऱ्या संरक्षणाच्या आडोशाने माणसांची अब्रू कशी घेता येते, आणि हेच बाहेर येऊन बोला असे आव्हान मिळताच आरोपकर्त्याची जीभ कशी आखडते, याचा धडा अमेरिकेला मॅकार्थी यांच्याच कारकीर्दीत मिळाला होता. प्रॉक्समायर अगदी निराळ्या घडणीचे होते. सार्वजनिक पैशाविषयीची त्यांची कळकळ अस्सल होती. स्वतःच्या १९८२ च्या निवडणुकीत त्यांनी दोनशे डॉलरांहूनही कमी खर्च केला, आणि तोही मुख्यतः आलेल्या देणग्या परत पाठवण्याच्या टपालावर. वंशसंहारविरोधी आंतरराष्ट्रीय कराराला सिनेटने मान्यता द्यावी म्हणून १९६७ पासून १९८६ पर्यंत, मान्यता मिळेपर्यंत, सभागृहाच्या प्रत्येक कामकाजाच्या दिवशी ते उभे राहून बोलले. अशी ३,२११ भाषणे झाली. एवढ्या चिकाटीच्या माणसाचे नाव आज निघते ते मात्र त्या भाषणांसाठी नव्हे, तर दरमहा एक याप्रमाणे त्याने दिलेल्या १६८ उपहास-पारितोषिकांसाठी. वृत्तपत्रांना काय रुचते आणि काय रुचत नाही, हे या एका तुलनेवरून पुरते कळते.

त्या पारितोषिकाचे नाव 'गोल्डन फ्लीस'. ग्रीक पुराणातील सोनेरी लोकर हा एक अर्थ, आणि त्याच शब्दाचा भोळ्याला लुबाडणे हा दुसरा. आपण बिनपाण्याने हजामत करणे म्हणतो, त्याच्या जवळ जाणारा. सरकारी पैशाची उधळपट्टी करणाऱ्या खात्याला ते द्यायचे, असा संकल्प होता. मार्च १९७५ मधले पहिले पारितोषिक, माणसे प्रेमात का पडतात या विषयाच्या अभ्यासाला ८४,००० डॉलर दिल्याबद्दल, राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाला मिळाले. दुसऱ्या पारितोषिकाच्या वेळी, त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये, तीन संस्था एकत्र धरल्या गेल्या: तेच विज्ञान प्रतिष्ठान, अंतराळ संशोधन करणारी नासा आणि नौदलाचे संशोधन खाते. या तिघांनी मिशिगनमधील कॅलमझू येथे काम करणाऱ्या रोनाल्ड हचिन्सन या वर्तनशास्त्रज्ञाला सात वर्षांत मिळून सुमारे पाच लाख डॉलर दिले होते, आणि हचिन्सन माकडे व इतर प्राणी चिडल्यावर जबडा कसा आवळतात याचे मापन करीत होते.

माकडाचा जबडा मोजायला पाच लाख डॉलर! हे वाक्य वाचून ज्याला हसू येणार नाही असा करदाता विरळाच. पण ते हसू ओसरल्यावर जी गोष्ट विचारायला हवी, ती विचारायला प्रसिद्धिपत्रकात जागा नव्हती. अंतराळयानाच्या किंवा पाणबुडीच्या चिंचोळ्या खोलीत माणसे आठवडेच्या आठवडे कोंडली गेली, की त्यांच्यात क्रोध कसा साचतो आणि तो उफाळण्यापूर्वी ओळखता येईल काय, हा नासाच्या आणि नौदलाच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न होता. तो क्रोध शब्दांवर न विसंबता मोजण्याचे एक साधन म्हणून हचिन्सन त्या आवळलेल्या जबड्याकडे पाहत होते. हा अभ्यास तेवढ्या पैशाच्या तोलाचा होता की नव्हता, यावर जाणत्यांत मतभेद होऊ शकतात, आणि व्हावेत. परंतु तो वाद करण्यासाठी लागणारी कागदपत्रे प्रयोगशाळेत आणि खात्यांच्या दप्तरांत राहिली, आणि बाहेर पडला तो निव्वळ विनोद. भाषणाचा जवळजवळ सर्व मजकूर असलेले आगाऊ प्रसिद्धिपत्रक २७५ वार्ताहरांकडे व संपादकांकडे गेले; सिनेटरांचे वार्तापत्र सुमारे १,००,००० लोकांच्या घरी पोहोचले; दूरचित्रवाणीवरही त्या पारितोषिकाचा उल्लेख झाला. मूळ भाषण आपण सभागृहात प्रत्यक्ष उभे राहून केले, की केवळ कामकाजाच्या छापील वृत्तात घातले, हे पुढे खुद्द प्रॉक्समायर यांनाही खात्रीने सांगता आले नाही! सभागृह हे निमित्त आणि वृत्तपत्र हेच खरे व्यासपीठ, असे होऊन बसल्याचा याहून बोलका दाखला मला ठाऊक नाही.

हचिन्सन यांनी १९७६ च्या एप्रिलमध्ये ऐंशी लाख डॉलरांच्या नुकसानभरपाईची फिर्याद लावली. सहव्यवसायी लोकांत आपली मानहानी झाली, मनस्ताप झाला आणि उपजीविकेची साधने आटली, असे त्यांचे म्हणणे होते. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले. एक तर सिनेटरांना संविधानाचे संरक्षण आहे, आणि दुसरे म्हणजे सार्वजनिक पैसा घेणारा माणूस ही सार्वजनिक व्यक्तीच असल्याने त्याने टीका सोसली पाहिजे, असा त्या निकालांचा आशय. परंतु २६ जून १९७९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मताधिक्याने हा निकाल फिरवला. सरन्यायाधीश बर्गर यांच्या निकालपत्राने दोन गोष्टी निर्विवाद केल्या. सभागृहात जे बोलले जाते त्याबद्दल सभासदाला कोणत्याही न्यायालयात जाब विचारता येत नाही (आपल्या संविधानाच्या १०५ व्या अनुच्छेदानेही संसदेच्या सभासदांना असेच अभय दिले आहे). तथापि प्रसिद्धिपत्रक आणि वार्तापत्र हे काही विधिमंडळाच्या विचारविनिमयाचे अंग नव्हे, सबब ते अभय त्यांना लागू होत नाही. आणि दुसरी गोष्ट मला पहिलीहूनही मोलाची वाटते: ज्याच्यावर बदनामीचा आरोप आहे त्याने आपल्याच कृतीने फिर्यादीला प्रसिद्धीच्या झोतात आणून उभे करायचे, आणि मग तो सार्वजनिक पुरुष आहे असा बचाव करायचा, हे चालणार नाही. एखाद्याला घरातून ओढून चव्हाट्यावर आणल्यानंतर, चव्हाट्यावर उभा आहे तर चार बोल ऐकून घेईल, असे म्हणता येत नाही.

१९८० मध्ये उभय पक्षांत तडजोड झाली. प्रॉक्समायर यांनी पदरचे दहा हजार डॉलर दिले आणि आपली काही विधाने जाहीरपणे दुरुस्त केली. त्यांच्या बचावाचा १,२४,३५१ डॉलरांचा खर्च मात्र सिनेटच्या तिजोरीतून, म्हणजे ज्या करदात्याच्या कैवारासाठी हे सारे आरंभले होते त्याच्याच खिशातून, गेला. पारितोषिके १९८८ पर्यंत चालू राहिली, आणि त्यांतील कित्येक योग्य ठिकाणी लागलीही असतील. मला या प्रकरणात जे विसरता येत नाही ते असे, की पारितोषिक तीन बलाढ्य संस्थांना दिले होते आणि घाव बसला तो एका संशोधकाला. संस्थेला चेहरा नसतो; वाचकाला तर चेहरा हवा असतो; मग बातमी हातोहाती फिरत जाताना खात्याचे नाव गळून पडते आणि माणसाचे तेवढे शिल्लक उरते. पाठवणाऱ्याचा तसा हेतू असो वा नसो, फिरण्याच्या ओघातच हे घडते.

सर्वोच्च न्यायालयाच्या त्या निकालाच्या पुढच्याच महिन्यात, जुलै १९७९ मध्ये, लंडनच्या पार्लमेंट चौकात एक निराळा प्रसंग घडला. लिव्हरपूलच्या श्रमिक वस्तीत वाढलेल्या, आणि जवळजवळ सोळाव्या वर्षापर्यंत लिहितावाचता न येणाऱ्या क्रिसी माहर या बाईंनी सरकारी अर्जांचे शेकडो नमुने तेथे आणून भर चौकात त्यांच्या चिंध्या केल्या. गरिबांना मदत मिळावी म्हणून काढलेले हे अर्ज गरिबांना वाचताच येत नाहीत, एवढीच त्यांची तक्रार होती. पोलीस आला, आणि जमाव पांगवण्यासाठी त्याने १८३९ च्या पोलीस कायद्यातला एक लांबलचक, श्वास कोंडणारा परिच्छेद वाचून दाखवला. तेव्हा, या अगम्य भाषेचा अर्थ आम्ही येथून जावे असा आहे काय, असे माहरबाईंनी त्यालाच विचारले. या घटनेतून 'प्लेन इंग्लिश कँपेन' ही संस्था जन्माला आली, आणि १९८० पासून ती दुर्बोध लेखनासाठी 'गोल्डन बुल', म्हणजे सोनेरी बैल, हे पारितोषिक देऊ लागली.

या बैलाची प्रसिद्धी संस्थेने पहिल्यापासून मनमोकळेपणाने केली, आणि ती करणे मला सर्वस्वी रास्त वाटते. याचे कारण शोधताना माझ्या ध्यानी आले ते असे. बैल मिळतो तो एखाद्या वाक्याला. आणि ते वाक्य बातमीत जसेच्या तसे छापावेच लागते, एरवी बातमीच होत नाही. म्हणजे आरोप आणि मुद्देमाल एकाच कागदावरून प्रवास करतात. स्नेहसंमेलनाच्या दालनात ऐकणाऱ्याच्या पदरी जो पुरावा आपोआप असतो, तो येथे दूरच्या, अनोळखी वाचकाच्या हाती दिला जातो, आणि तो स्वतः वाचून ठरवतो की हे गचाळ आहे की नाही. माकडाच्या जबड्याबाबत नेमके हेच झाले नव्हते.

याच संस्थेने १९९३ पासून बोललेल्या गोंधळासाठी 'फूट इन माउथ' हे आणखी एक पारितोषिक सुरू केले. त्याचे पहिले मानकरी इंग्लंडच्या क्रिकेट निवड समितीचे अध्यक्ष टेड डेक्स्टर. ऑस्ट्रेलियाकडून पराभव झाल्यावर त्यांनी दोष शुक्र ग्रहाच्या स्थितीवर ढकलला होता. पुढे २००३ साली तेच पारितोषिक अमेरिकेचे संरक्षणमंत्री डोनाल्ड रम्सफेल्ड यांना, ज्ञात, ज्ञात असलेले अज्ञात आणि अज्ञात असलेले अज्ञात अशा त्यांच्या प्रसिद्ध वर्गवारीबद्दल, मिळाले, आणि ती बातमी जगभर गाजली. माझ्या मते ती निवड चुकीची होती. त्या मंत्र्यांच्या युद्धनीतीविषयी कोणाचे मत काहीही असो, त्या विधानात तर्काची चूक नाही. आपल्याला काय माहीत नाही हेही कधी कधी आपल्याला माहीत नसते, ही गोष्ट शेतकऱ्यापासून वैद्यापर्यंत प्रत्येकाच्या अनुभवाची आहे. अनेकांनी, भाषेच्या अभ्यासकांनीसुद्धा, हे तेव्हाच बोलून दाखवले. आणि त्यांना ते बोलता आले याचे कारण पुन्हा तेच, की मूळ वाक्य बातमीत होते. पारितोषिक देणाऱ्याची चूकसुद्धा वाचकाला दुरुस्त करता यावी, इतका ऐवज बातमीबरोबर गेला होता.

लंडनच्याच 'प्रायव्हसी इंटरनॅशनल' या संस्थेने १९९८ मध्ये, ऑर्वेलची '१९८४' ही कादंबरी लिहून होण्याला पन्नास वर्षे झाल्याचे औचित्य साधून, नागरिकांवर पाळत ठेवणाऱ्यांसाठी 'बिग ब्रदर' पारितोषिके काढली. माणसाच्या मस्तकावर रोवलेला बूट असे त्यांचे सन्मानचिन्ह. ती प्रथा पुष्कळ देशांत पसरली. जर्मनीत तर प्रत्येक पारितोषिकामागची कारणे भाषणातून सविस्तर मांडण्याचा परिपाठ आहे, आणि २००२ साली मायक्रोसॉफ्टचा प्रतिनिधी ते स्वीकारण्यासाठी स्वतः बीलेफेल्ड येथे हजर राहिला. आरोप तपशिलाने मांडला, की ज्याच्यावर तो आहे त्यालाही येऊन आपली कैफियत देण्याइतका भरवसा वाटतो, असे यावरून दिसते.

हे सारे मी वाचले ते फार उशिरा. आमच्या गावी नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येऊ लागले तेव्हा मंडळाने नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्याला 'पालथा घडा' हा किताब द्यावयाचे ठरवले. अर्ज करून थकलो होतो, आणि पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण कोणाच्या तरी तोंडून निघताच सभेत असा हशा पिकला की पुढचे सारे भराभर ठरत गेले. कुंभाराकडून घडा आणला, त्यावर चुन्याने खात्याचे नाव लिहिले. दोघे जण म्हणाले की हा घडा मुकाट्याने मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवावा आणि पंधरा दिवस वाट पाहावी. मी त्यांच्या विरुद्ध बोललो. वृत्तपत्रांत आल्यावाचून खाते हलणार नाही, असे मी आग्रहाने मांडले, आणि पत्रकाचा मसुदाही मीच लिहून दिला. तो आठ ओळींचा होता. आमच्या तक्रारींच्या तारखा त्यात नव्हत्या, खात्याची उत्तरे नव्हती, आणि मोठा पंप जळून नव्याचा प्रस्ताव सात महिने मंजुरीवाचून पडला आहे, ही मला पुरती ठाऊक असलेली गोष्टही नव्हती. कारण तिने विनोदाची धार बोथट झाली असती.

एका साप्ताहिकाने ती बातमी छापली. त्यांना चित्र हवे होते, म्हणून त्यांचा माणूस टाकीवर गेला, आणि तेथे भेटला तो पाणी सोडणारा कामगार. पहाटे चारला उठून, हातात लोखंडी चावी घेऊन, पेठेपेठेतले व्हॉल्व्ह फिरवत हिंडणारा हा माणूस. टाकीत असेल तेवढे पाणी सोडणे एवढाच त्याचा अधिकार. त्याचे छायाचित्र छापले, त्याखाली त्याचे नाव आणि वर 'पालथा घडा' हे शब्द. खात्याचे नाव मजकुरात शेवटी कोठेतरी होते. महिनाभर त्याच्या आळीतली पोरे त्याच्या शाळकरी मुलीला त्याच शब्दांनी हाका मारीत होती. हे मला कळले तेव्हा मी त्याच्या घरी गेलो. दुपारची वेळ होती; तो ओसरीवर आडवा झाला होता, तो उठून बसला, आणि मी काही बोलण्याआधी त्याने आत हाक देऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या मागवला. मी क्षमा मागितली. तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही माझं नाव लिहिलं नव्हतं, ते मला माहीत आहे." हे खरेच होते, आणि तरीही त्याने माझे समाधान झाले नाही.

दुसऱ्या खेपेस प्रश्न निघाला तो औंदाच्या वार्षिक सभेत. या वेळी मी पत्रकाचा मसुदा लिहिला नाही. चिटणीसांच्या मदतीने अकरा पानांची एक पुरवणी तयार केली. तीत आमच्या चौदा अर्जांच्या तारखा, खात्याची आलेली चार उत्तरे शब्दशः, पंपाच्या प्रस्तावाचा प्रवास कोणत्या कचेरीत किती दिवस अडला त्याचा तक्ता, आणि शेवटी खात्याच्या खुलाशासाठी कोरे ठेवलेले एक पान होते. घड्यासह ती पुरवणी मुख्याधिकाऱ्यांकडे पंधरा दिवस आधी द्यावी, खुलासा आला तर तो कोऱ्या पानावर जसाच्या तसा छापावा, कोणाही कामगाराचे नाव वा चित्र देऊ नये, आणि जे पत्र हे सारे छापायला राजी असेल त्यालाच ते द्यावे, असा ठराव मी मांडला. साप्ताहिकाच्या संपादकांनी एवढ्या मजकुराला जागा नाही असे कळवले. जिल्ह्याच्या एका दैनिकाने, आतल्या पानावर का होईना, दोन हप्त्यांत छापण्याचे कबूल केले आहे. काल सकाळी चिटणीस आणि मी घडा घेऊन कचेरीत गेलो. मुख्याधिकाऱ्यांनी उभ्याउभ्याच पहिली तीन पाने वाचली, मग खुर्चीत बसून चौथे वाचायला घेतले, आणि पंपाच्या तक्त्यापाशी आल्यावर लेखनिकाला हाक मारून मूळ फाइल आणायला सांगितली.